गवंडीमामाच्या बोटांची सुट्टी

माझ्या गवंडीमामाचा गिलावा असा, की भिंतीवरून हात फिरवला तर दुधाच्या सायीवरून फिरवल्यासारखं वाटावं. थापीने काम उरकलं तरी शेवटचा हात तो उघड्या बोटांनीच द्यायचा. बोलणं मात्र मोजकं. जे सांगायचं ते भिंत सांगेल, असा त्याचा तोरा.

दूरच्या एका देशात गवंड्यांची वानवा होती. मामाला तिथे कामाचा परवाना मिळाला आणि मामीही त्याच्याबरोबर गेली. पाच वर्षं नीट काम केलं की कायम राहण्याचा अर्ज करता येतो, असा तिथला कायदा. पाच वर्षं भरली, तशी दोघं इस्त्रीचे कपडे घालून कार्यालयात गेली.

खिडकीमागच्या अधिकारीबाईंनी मामाची बोटं काचेवर ठेवायला लावली. यंत्र गप्प. बोटं पुसून पुन्हा ठेवली. यंत्र गप्पच. सिमेंटने साऱ्या रेषा कधीच खाल्ल्या होत्या. दहाही बोटं त्याच्याच भिंतींसारखी गुळगुळीत.

"काम काय करता?" बाईंनी विचारलं.

मामाने मामीकडे पाहिलं.

"त्यांना नाही, तुम्हाला विचारतेय."

मामाने हवेत थापी फिरवून दाखवली. बाईंनी हसू दाबलं आणि पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली. "हातांना विश्रांती द्या, रेषा परत येतात. आणि त्या दिवशी उत्तर तोंडाने, आमच्या भाषेत हवं. त्याच आठवड्यात तुमचा परवाना संपतोय. ठसे आणि उत्तर, दोन्ही जमलं नाही तर परत जावं लागेल."

घरी आल्या आल्या मामीने थापी कपाटात टाकली आणि चावी कमरेला खोचली. "रोज तीनदा तेल, वरून सुती हातमोजे. भांड्यालासुद्धा हात लावायचा नाही."

"अगं, मग करू काय?"

"बसा. इतक्या वर्षांत बसायला शिकला नाहीत, आता शिका."

मामा बसला. दोन दिवस छताकडे पाहून त्याने तिथला उंचवटा हुडकला. तिसऱ्या दिवशी दाराच्या चौकटीत सुतार कुठे चुकला ते मामीला सविस्तर समजावलं. चौथ्या दिवशी मामी म्हणाली, "अंगणात जाऊन बसा बरं, नाहीतर विश्रांतीची गरज मलाच पडेल."

कुंपणापलीकडे शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाई स्वतःच आपल्या कोठीच्या भिंतीला गिलावा करत होत्या. थापलेला माल घटकाभर भिंतीला चिकटायचा आणि धप्पकन खाली यायचा. मामाचा एक हातमोजा निम्मा निघाला.

"हात!" खिडकीतून मामी ओरडली.

मामाने हात पाठीमागे बांधले. पुन्हा धप्प. आता मात्र त्याच्याने राहवेना. पाच वर्षांत कानात साठलेले परके शब्द एकदम बाहेर पडले. "पाणी! आधी भिंत पाणी! भिंत तहान!"

शिक्षिकाबाई वळल्या. "भिंतीला तहान लागली आहे. पूर्ण वाक्य बोला."

"भिंतीला तहान लागली आहे. तुमचा माल पिते. माल मरतो."

बाईंनी भिंत भिजवली, माल थापला, आणि माल टिकला! त्या दिवसापासून कुंपणाच्या एका बाजूने मामा भिंत शिकवू लागला, दुसऱ्या बाजूने बाई भाषा. "आधी काय सरळ होतंय बघू," बाई म्हणायच्या, "माझी भिंत की तुमचं वाक्य."

"भिंत सोपी," मामा म्हणायचा.

एके दिवशी खांद्याच्या उंचीवर माल फुगला. बाईंनी थापीच्या दांड्याने तिथे ठोकलं, ठकठक वाजलं. "पोकळ," बाईंनी शब्द सांगितला. मामाने तो दहादा घोळला. मामी म्हणाली, "आता घरभर ठोकत फिरू नका." तो फिरला.

तारखेच्या दिवशी मामाने हातमोजे काढले. यंत्राने एकेक बोट घेतलं. नऊ झाली. उजवा अंगठा, ज्यावर आयुष्यभर थापीचा भार पडला, तो काही उमटेना.

"दाबून ठेवा," अधिकारीबाई म्हणाल्या. "आणि सांगा, काम काय करता?"

"मी गवंडी आहे. मी भिंतीला आधी पाणी पाजतो, मग गिलावा करतो. तुमच्या मागच्या भिंतीला कुणी पाणी पाजलं नव्हतं. तो फुगलेला कोपरा पोकळ आहे."

बाईंनी मागे वळून कोपऱ्यावर ठोकलं. ठकठक. शेजारच्या खिडकीतला कारकूनही उठून ठोकायला आला. मामा माल किती पातळ हवा ते सांगत राहिला, काचेवरचा अंगठा विसरून गेला. आणि त्या हसण्याबोलण्यात यंत्र टुंग वाजलं.

महिन्याभराने कायम राहण्याचा कागद घरी आला. मामीने कमरेची चावी काढून मामाच्या हातावर ठेवली.

थापी घेऊन तो कुंपणापाशी गेला. शिक्षिकाबाई म्हणाल्या, "आता तेवढा फुगवटा काढून टाका."

मामाने भिंतीवरून बोटं फिरवली. फुगवट्यापाशी थांबला.

"राहू द्या," तो म्हणाला. "तो माझा शब्द आहे."