पत्त्यावर मिळून आला नाही

ती घटना विसरावी असे मला अनेकदा वाटले, विसरलो नाही. तेव्हा मी इंदापूर तालुक्यातील एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो.

भिगवणच्या एका रहिवाशाने खबर दिली : "साहेब, शेजारच्या टीव्ही दुरुस्तीवाल्यानं गच्चीवर तार ताणलीया. रोज सकाळी टक-टक वाजवतो. सांकेतिक भाषा हाय ती."

आम्ही छापा घातला. बिनतारी संच मिळाला. पंचनामा केला, संच सीलबंद केला, गुन्हा नोंदवला. असा संच परवान्याशिवाय जवळ बाळगणे हाच गुन्हा; त्यावरून आरोपी कोणाशी बोलला की नाही, हा प्रश्न नंतरचा.

आरोपी पन्नाशीचा होता. शांतपणे उत्तरे देत होता.

"टक-टक म्हंजी मोर्स, बिनतारीच्या परीक्षेसाठी शिकलो, साहेब. नुसता बझर हाय तो. पास झालो, हौशी रेडिओच्या परवान्याला अर्ज केला. दोन वर्षं झाली."

"परवान्याआधी संच कशाला घेतला?"

"एक जुने परवानाधारक वारले. घरच्यांनी इकायला काढला. सोडला असता तर परत कुठं घावणार?"

"परवाना कुठे अडला?"

"तुमच्याच कपाटात."

मी तो उर्मटपणा समजलो. त्याला संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवले. मग गोपनीय शाखेचे कपाट उघडायला लावले. परवान्यासाठी आमच्याकडे आलेला त्याच्या चारित्र्य पडताळणीचा कागद तिथेच होता. शेरा : 'अर्जदार दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही.' खाली माझी सही.

"गेला होतास?" मी पडताळणीच्या हवालदाराला विचारले.

"दुकान बंद होतं, साहेब."

"कोणत्या वारी?"

 तो म्हणाला, "पोलीस पाटलाला फोन लावायचा, उचलला न्हाय तर हा शेरा. समदे असंच करत्यात."

मला ते ठाऊक होते. सह्या मी चहा पीत, गठ्ठ्याने करत असे.

विलंब आमच्यामुळे झाला, एवढे एक वाक्य मी न्यायालयाला कळवू शकलो असतो. कळवले नाही. दोषारोपपत्र गेले. त्याने गुन्हा कबूल केला. दंड झाला, संच सरकारजमा झाला.

त्याने पुन्हा अर्ज केला. पडताळणीला या वेळी मी स्वतः गेलो. गच्चीवरच्या तारेवर कपडे वाळत होते.

"या साहेब," तो म्हणाला, "या टायमाला घावलो म्हणायचं पत्त्यावर!"

'अर्जदारावर गुन्हा दाखल आहे काय?' या रकान्यात मी 'होय' लिहिले. त्यात एक अक्षरही खोटे नव्हते. परवाना आला नाही.

एक खोटा शेरा लिहिला की पुढचे सगळे खरे शेरे त्याचीच चाकरी करतात. हे मला त्या प्रकरणाने शिकवले. शिकण्याची किंमत मात्र त्याने मोजली.