सात नंबर कुणाचा?

ऋषी बाळा, मी सांगते तसं लिही. आपले हिंदुराव भावजी, माझे धाकटे दीर, हडपसरच्या मंडळाकडून फुटबॉल खेळायचे. कारखान्यातली पाळी सुटली की घरी न येता थेट मैदानावर. पाठीवर सात नंबर. लोक त्यांना नावानं न्हाई, "सात्या" म्हणूनच हाका मारायचे. आता कारखान्याच्या जागी कंप्युटरवाल्यांची काचंची बिल्डिंग झाली, पर सात्याला कुणी विसरलं न्हाई.

परवा मंडळाची पोरं आली. म्हणली, "आजोबा, तुमचा नंबर आम्ही रिटायर करणार. शर्ट काचेत लावणार. सात नंबर परत कुणालाच नाही."

मी म्हणलं, "आरं, ते कवाच रिटायर झाले. आता नंबरबी?"

तेवढ्यात भावजींची नात सृष्टी रडायलाच लागली. पोरींच्या टीममधी तिला तोच सात पायजे व्हता.

माझं तर डोकंच चालंना. आपल्यात थोरल्याचं नाव नातवंडाला देत्यात, पर माणूस गेल्यावर. जित्याचं कसं द्यायचं? आन् काचंत तर गेलेल्याचाच फोटो लावत्यात. म्हंजी कसंबी केलं तरी माणूस मेल्यावानीच की!

भावजी म्हणले, "वहिनी, तुम्ही गप बसा." मग पोरांकडं वळून म्हणले, "काचंत लावायचं तर मलाच लावा. शर्ट पोरीला द्या."

बरोबर झालं का चूक, मला अजून उमगलं न्हाई. मी आपली शर्टाच्या कोपऱ्याला काजळाची तीट लावली. जिता माणूस हाय ना, बाबा.