जिन्याखालची देवी

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. अमावास्या बघून कामं पुढे ढकलणाऱ्यांना मी हसायचे. पण हे माझ्या डोळ्यांसमोर... म्हणजे डोळ्यांसमोर नाही, वीसएक मिनिटं मी तिथे नव्हते, तेवढ्यात घडलं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. नवीन पनवेलला मी आणि माझे वडील, अण्णा, दोघंच राहायचो. अण्णा रिटायर्ड शिक्षक. विस्मरणाच्या आजारात माझं नावही विसरले होते. भाऊ पुण्याला. अण्णांची अंघोळ, जेवण, औषधं उरकून, त्यांना शेजाऱ्यांवर सोपवून मी ऑफिस गाठायचे. दर मंगळवारी हाफ डे टाकून त्यांना पनवेलच्या सरकारी दवाखान्यात न्यायचे.

तिथे जिन्याखाली देवीची प्लास्टरची मूर्ती होती — दोन-अडीच फुटांची, कुणा पेशंटने बरं झाल्यावर आणून ठेवलेली. रंग पार उडालेला. अण्णा तिला बघितलं की खुलायचे. त्यांची आई उरणकडच्या मिठागरात राबायची. अण्णा दहा वर्षांचे असताना गेली. फोटोसुद्धा नाही. जन्मभर शुद्ध मराठी शिकवलेले अण्णा मूर्तीसमोर मात्र गावचं बोलायचे — "आये, दमलीस गो?"

त्या मंगळवारी त्यांना समोरच्या बाकावर बसवलं. सकाळी घाईत शर्टाचं बटण तुटलं होतं. लावायचं त्राण नव्हतं, म्हणून सेफ्टी पिन अडकवली होती. फरशी पुसणाऱ्या मावशींना "जरा लक्ष ठेवा" म्हटलं आणि औषधांच्या रांगेत गेले.

परत आले तर पिन अण्णांच्या मुठीत. आणि शर्टाला बटण! पांढऱ्या शर्टावर तपकिरी, लाल दोऱ्याने घट्ट शिवलेलं. हात लावून बघितलं... दोऱ्याचं टोक ओलं होतं. दातांनी तोडल्यासारखं.

"मावशी, कोण आलं होतं इथे?"

"कोन नाय गो बाय. मी हितंच हाय. म्हातारबाबा येकलेच बोलत हुते."

"काय बोलत होते?"

"आये, सुई टोचल... असा कायतरी."

मी अण्णांसमोर बसले. "अण्णा, बटण कुणी लावलं?"

त्यांनी किती महिन्यांनी नीट माझ्याकडे बघितलं. "आये म्हनली," ते हळूच म्हणाले, "पोर लय दमली हाय."

मी तिथेच बाकावर डोकं टेकून रडले. मावशींनी पाणी आणून दिलं.

त्यानंतर अण्णा असं कधी बोलले नाहीत. आठ महिन्यांनी गेले. पुढे दवाखान्याचं रंगकाम निघालं, तेव्हा मूर्ती कुठे हलवली कुणास ठाऊक. भाऊ म्हणतो, कुणा पेशंटच्या नातेवाइकाने शिवलं असेल, मावशींचं लक्ष नसेल. असेलही. पण ते वाक्य?

भीती मात्र कधी वाटली नाही. खरं सांगू — रागच आला होता. आलीच होतीस, तर संध्याकाळपर्यंत थांबायचं होतंस... मला जरा झोपता आलं असतं.