धुरकट ग्लास आणि दोन विहिणी

डोळ्याची पट्टी निघाली आणि आक्का घरी आल्या, तेव्हा मुलाला वाटलं होतं की आई आता आपल्याकडे नीट निरखून बघेल. आक्कांनी खुर्चीत बसून पाणी मागितलं. सुनेनं ग्लास भरून दिला. आक्कांनी तो तोंडाला लावला नाही. खिडकीच्या उजेडात धरला, फिरवून बघितला आणि टेबलावर ठेवून दिला.

"हा धुतलाय का?"

सून म्हणाली, सकाळीच मशीनमधून काढलाय. आक्का उठल्या, फडताळ उघडलं आणि एकेक ग्लास बाहेर काढत गेल्या. सगळ्यांची तीच गत. ताकाचं पाणी ओतून तसंच वाळू दिल्यासारखी प्रत्येक काचेवर पांढुरकी साय. मोतीबिंदूच्या पडद्याआडून हे सगळं त्यांना स्वच्छ दिसत आलं होतं, म्हणजे दिसत नव्हतंच. आणि हेच ग्लास आल्यागेल्यापुढे ठेवले जात होते, या विचारानं त्यांचे कान तापले.

आक्का म्हणजे उभा जन्म हॉस्पिटलच्या लाँड्रीत काढलेली बाई. चादरींच्या ढिगात शिरल्या तेव्हा नवीन लग्न झालेलं होतं, बाहेर पडल्या त्या मुकादम होऊन. आक्का हे नावही तिथलंच, मग घरच्यांनीही तेच उचललं. पांढऱ्या रंगाच्या बाबतीत त्या नाकावर माशी बसू देत नसत. ऑपरेशन थिएटरचे डॉक्टरसुद्धा त्यांच्या हातून टॉवेलला शाईचा डाग लागला तर आक्कांना कळू नये म्हणून धडपडायचे, कारण नंतरचं बोलणं त्यांना ऐकावं लागे. अशा बाईच्या घरात धुरकट ग्लास!

डिशवॉशर सुनेच्या हट्टानं आला होता. ती शहराच्या बसवर ड्रायव्हर. पहाटे निघायची, दुपारी थकून यायची, आणि मग भांडी घासायला तिचे हात उचलत नसत. आक्कांना मशीन कधी पटलं नव्हतं, पण डोळे साथ देईनात तेव्हा त्या गप्प बसल्या होत्या. आता एक डोळा नवा झाला होता, आणि गप्प बसायचं कारण उरलं नव्हतं. त्या मुलाकडे बघून, पण सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, की या घरात ग्लास बघायला कुणाला वेळ आहे. सून भांडी लावून झोपायला गेली.

त्यात दुसऱ्याच दिवशी विहीणबाई डोळा बघायला आल्या.

या दोघींचं फारसं कधी जमलं नव्हतं. मुलांच्या लग्नात जेवणाच्या टेबलांवर पांढरे कपडे अंथरले होते, ते मुलीकडच्यांनी आणलेले. त्यातल्या एकावर आक्कांना पिवळा डाग दिसला आणि चारचौघांत त्यांनी तो बोट ठेवून दाखवला. दुधात मिठाचा खडा पडावा तसं झालं. तेव्हापासून विहीणबाई यायच्या, बसायच्या, तब्येत विचारायच्या, पण कामापुरतंच बोलायच्या.

त्या दिवशी सून कामावर होती. आक्कांनी त्यातल्या त्यात बरा ग्लास निवडला, फडक्यानं खसाखसा पुसला, तरी साय काही हटेना. शेवटी त्यातच लिंबाचं सरबत दिलं. विहीणबाईंनी ग्लास हातात घेतला, क्षणभर त्यातून आरपार बघितलं आणि मुकाट्यानं सरबत पिऊन टाकलं. त्या काही बोलल्या असत्या तर आक्कांनी उत्तर दिलं असतं. न बोलण्याला काय उत्तर देणार?

त्या गेल्यावर आक्कांनी मशीन आपल्या ताब्यात घेतलं. लाँड्रीतला नियम साधा होता, मळ हटत नाही तर साबण वाढवा. त्यांनी चमच्याच्या जागी वाटीनं पावडर ओतायला सुरुवात केली. शिवाय मशीनवर विश्वास नको म्हणून आधी प्रत्येक ग्लास हातानं घासून मगच आत ठेवायचा. ग्लास आणखी पांढरे झाले. वर बोटाला बुळबुळीत लागू लागले, आणि पाण्याला साबणाची चव यायला लागली. सुनेनं एकदाच सांगून बघितलं, की आई, डब्यावर लिहिलंय तेवढीच टाका.

"डबा लिहिणाऱ्यानं कधी चादरी धुतल्या नाहीत," आक्का म्हणाल्या.

त्यानंतर सून घरात पाणी प्यायची ते स्वतःच्या स्टीलच्या बाटलीतून. भांडण नाही, आदळआपट नाही. जेवायला बसलं की ती बाटली ताटाशेजारी उभी असायची, एवढंच. मुलगा मान खाली घालून जेवायचा. आक्कांनी पुष्कळ मोठ्यानं बोलणाऱ्या बायका सांभाळल्या होत्या, पण त्या बाटलीपुढे त्यांचं काही चालेना. अती तिथं माती, हे त्यांना कळत होतं. पण आता माघार घ्यायची कशी, आणि ग्लास स्वच्छ करायचे कसे, ते कळत नव्हतं.

हे जिला नक्की ठाऊक असेल अशी एकच व्यक्ती त्यांच्या माहितीत होती. विहीणबाई शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होत्या. तिथे भांडी धुवायचं कपाटाएवढं मशीन होतं आणि रोज शाळाभर मुलांचे ग्लास त्यातून निघायचे.

दोन दिवस आक्कांनी तो विचार झटकला. तिसऱ्या दिवशी चप्पल घातली आणि बस पकडली. पुढच्या दारानं चढल्या आणि बघतात तर स्टिअरिंगवर सून.

"आई? कुठे निघालात?"

"तुझ्या आईकडे."

सुनेनं आरशातून एकदा त्यांच्याकडे बघितलं. मग स्टॉपवर बस फुटपाथाला अगदी चिकटवून उभी केली आणि आक्का उतरून बाजूला होईपर्यंत दार बंद केलं नाही.

विहीणबाई टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायच्या. अचानक दारात आक्कांना बघून त्या चपापल्या, पण आत बोलावलं, पंखा लावला, पाणी आणलं. आक्कांनी ग्लास घेतला आणि थबकल्या. तो त्यांच्या घरच्यापेक्षाही धुरकट होता.

विहीणबाई म्हणाल्या, "बघितलंत ना? म्हणून त्या दिवशी मी काही बोलले नाही. कुठल्या तोंडानं बोलणार? तुमचे निघतील तरी. माझे गेले ते गेले."

मग त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. या भागातलं पाणी मऊ, त्याला पावडर थोडी पुरते. पण शाळेच्या मोठ्या मशीनची सवय, त्यामुळे घरच्या लहान मशीनमध्येही त्या सढळ हातानं पावडर ओतत राहिल्या, वर ग्लास आधी घासून ठेवत. खायला खरकटं नसलं की पावडर काचेलाच खाते. काच वरून झिजते आणि ती कशानंही परत येत नाही. आक्कांच्या भागात मात्र पाणी जड. तिथे ग्लासवर बसतो तो क्षार, आणि क्षार आंबटाला भितो.

"एक ग्लास घ्या, व्हिनेगरमध्ये थोडा वेळ बुडवा. साय निघाली तर क्षार. नाही निघाली तर समजा काच गेली. आणि मशीनमध्ये मीठ आहे का? पाणी मऊ करायचं मीठ. संपलं की दिवा लागतो."

आक्कांना दिवा कुठे दिसला नव्हता. त्यांनी पावडरचं सांगितलं, वाटीचं सांगितलं. विहीणबाई हसल्या नाहीत, म्हणून निघताना आक्कांना पुढचं बोलता आलं.

"लग्नातल्या त्या कपड्याचं... मी बोलायला नको होतं."

"डाग होताच हो. दोन दिवस घासला होता मी, हटला नाही."

"मला विचारलं असतंत तर काढून दिला असता."

"तेव्हा विचारलं असतं तर मी विहीण कसली?" विहीणबाई म्हणाल्या, आणि व्हिनेगरची अर्धी बाटली त्यांच्या पिशवीत घातली.

घरी येऊन आक्कांनी एक ग्लास पातेल्यात आडवा बुडवला. थोड्या वेळानं काढून धुतला, मऊ कापडानं पुसला, खिडकीशी नेला. समोरच्या इमारतीच्या गॅलरीत वाळत घातलेले मोजेसुद्धा त्यातून मोजता आले असते. मग त्या मशीनपुढे वाकून एकेक बटण तपासू लागल्या. कोपऱ्यात काळ्या चिकटपट्टीचा बारका तुकडा होता. नखानं सोलला, तर खाली लाल दिवा लुकलुकत होता.

पट्टी मुलानं लावली होती. दिवा उगाच लुकलुकतो, मशीनचाच दोष असेल, असं म्हणून त्यानं तो झाकला आणि विसरून गेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! चोर सोडून संन्याशाला फाशी दिली ती आपणच, हे आक्कांच्या लक्षात आलं. दुपारी सून आली, चपला काढत होती, तेवढ्यात आक्का म्हणाल्या, "चूक तुझी नव्हती. मी बघितलं आणि तुझ्यावर ढकललं."

"डोळा नवीन होता, आई," सून म्हणाली. "सगळंच एकदम दिसलं असेल."

संध्याकाळी तिघांनी मिळून ग्लास व्हिनेगरच्या पाण्यात बुडवले. मुलगा पाप धुवायच्या उत्साहात मिठाची बरणी घेऊन आला, तेव्हा सुनेनं हात धरला. जेवणाचं मीठ चालत नाही, मशीनचं वेगळं जाड मीठ मिळतं. तो तसाच खाली दुकानात गेला, मीठ आणि काचेवर थेंब सुकू नयेत म्हणून मशीनमध्ये घालायच्या रिन्स एडची बाटलीही आणली. पावडर पुन्हा चमच्यावर आली. आधी घासायचं बंद झालं, नुसतं खरकटं काढायचं. ग्लास एकमेकांना टेकणार नाहीत असे लावायचे, आणि मशीन थांबलं की दार थोडं उघडं ठेवून वाफ जाऊ द्यायची. सगळे ग्लास काही पहिल्यासारखे झाले नाहीत. तीन तसेच राहिले. त्यांची काचच गेली होती, ते आक्कांनी चमचे ठेवायला घेतले.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या हिवाळ्यात झालं. मशीनचं मीठ आता आक्का बघतात, पावडर सून. आणि विहिणी फोनवर बोलतात, ते मुख्यतः डागांबद्दल. शाईचा, गंजाचा, घामाचा. दुपारच्या सुट्टीत सून आईला फोन लावते, तर बहुतेक वेळा लाइन बिझी असते.