मागच्या दाराचा पूर

सांगलीच्या पुराचा नकाशा संगणकावर उभा करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी त्या खासगी कंपनीत नवीन होते. घरांची उंची, रस्त्यांचे चढउतार, कृष्णेची पातळी असं सगळं भरलं, की पडद्यावर शहर उभं राहायचं आणि मी त्यात पाणी सोडायचे. आधी काठाच्या गल्ल्या निळ्या व्हायच्या, मग आतल्या. मला ते पटत होतं.

खात्री करायला टेप घेऊन गल्ल्यांतून फिरले. भिंतींवर पुराच्या खुणा होत्या, त्या मोजत होते. दारात मेथी निवडत बसलेल्या एका मावशींनी हटकलं.

"काय मोजतीयास गं?"

"नदीचं पाणी कुठवर आलं होतं ते."

"नदीचं? पुढचं दार कोरडं हुतं. आमी नदीकडं बघत बसलो, आन् पाणी आलं मागनं, नाल्यातनं. चुलीपातूर."

त्यांनी मला मागे नेलं. नाला मुरूम टाकून अर्धा बुजवला होता. माझ्या नकाशात तो नव्हताच. मला लाज वाटली. ऑफिसात येऊन नकाशात नाला घातला, पुन्हा पाणी सोडलं. नदी काठात असतानाच मावशींची गल्ली निळी झाली.

साहेबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "हा नाला पुसून टाक. तिथं मंगल कार्यालय व्हायचंय."

"पुसला तर पाणी थांबणार नाही, सर."

"नकाशात तर थांबेल ना?"

"मी पुसणार नाही." मी नाल्यासकट फाइल जतन केली. "माझ्या हातनं तर नाहीच."

दुसऱ्या दिवशी काम काढून घेतलं. आठवडाभरात मी राजीनामा दिला. मग माझीच मापं आणि सगळ्यांना मिळणारी उंचीची माहिती घेऊन घरच्या लॅपटॉपवर नकाशा नव्यानं केला. तो मावशींच्या अंगणात दाखवला. बायका वाकून बघत होत्या, आपापलं घर शोधत होत्या. एकीनं तर माझी चूक काढली, तिच्या घराचं जोतं मी खाली धरलं होतं.

मंगल कार्यालयाच्या परवानगीवर महापालिकेनं हरकती मागवल्या, तेव्हा आम्ही सगळ्या सुनावणीला गेलो. नकाशा भिंतीवर लावला. समोरून कुणीतरी म्हणालं, "हे संगणकातलं चित्र आहे, याला काय आधार?"

मावशी उठल्या. "आवं सायेब, आधार मी हाय. माझ्या घरात आलंय ते पाणी. तुमच्यात आलं हुतं का?"

परवानगी थांबवली गेली. नाला मोकळा करायचा निर्णय मात्र झाला नाही. त्यासाठी आमचा तिसरा अर्ज गेलाय, तोही दाबला तर चौथा लिहून तयार आहे. दरम्यान मी मिरजेच्या गल्ल्या मोजायला घेतल्यात. मला कुणी सांगितलेलं नाही, आणि मी कुणाला विचारणारही नाही.