सेनापतीचा एक हुकूम

रक्त तपासणीच्या प्रयोगशाळांच्या आमच्या मुख्य कार्यालयात डेटाबेस सांभाळणाऱ्या गृहस्थाला आम्ही सेनापती म्हणायचो. त्याला तो मान वाटायचा, यातच काय ते आलं.

प्रत्येक शाखेचा सर्व्हर वेगळा. सेनापती खुर्चीतून एक कमांड सोडायचा आणि ती सगळीकडे चालायची. कुठे कुठे जायचं ते एका एनव्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये भरलेलं असायचं. एका नावाखाली सर्व्हरांचे पत्ते, बस. कमांड ते वाचते आणि तिकडे जाते. पण हा असा मिरवायचा, जणू विजेचा शोध यानेच लावला.

नवी विंडो उघडली की त्या नावाखाली आपोआप सगळ्या शाखा यायच्या. कमांडची चाचणी करायची तर तिथे फक्त चाचणीचा, म्हणजे खोट्या अहवालांचा सर्व्हर भरायचा, आणि तो त्या विंडोपुरताच. कमांड चालण्याआधी सर्व्हरांची नावं दाखवून एकदा विचारण्याची सोय करा, असं शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी त्याला सुचवलं होतं. त्यावर तो म्हणाला, "विचारून कामं करतात ते कारकून."

एकदा संचालक पाहुण्यांना घेऊन आले. सेनापतीला चेव चढला. एका फटक्यात खोटे अहवाल पुसून दाखवायचे म्हणून त्याने चाचणीचा सर्व्हर भरला होता, पण स्क्रीनवर बुटांच्या खरेदीचं पान उघडं होतं. ते लपवायच्या घाईत त्याने सगळंच बंद केलं, नवी विंडो उघडली आणि ऐटीत अहवाल पुसण्याची कमांड सोडली. क्षणात सगळ्या शाखांचे अहवाल साफ. फोन खणखणू लागले.

संचालकांनी विचारलं, तर म्हणतो, "व्हेरिएबल चुकीचं होतं." जणू ते रात्री आपल्या पायांनी चालत येऊन बसलं होतं.

"ते तुम्ही भरायचं असतं," बाई म्हणाल्या आणि कामाला लागल्या. राखून ठेवलेल्या आदल्या दिवसाच्या प्रतीवरून त्यांनी अहवाल परत आणले. सकाळचे मात्र यंत्रांतून पुन्हा काढावे लागले. तोवर हा चष्मा पुसत उभा.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. तिची आई एका शाखेत अहवालासाठी ताटकळत होती. दुपारी तिचं ऑपरेशन होतं आणि अहवालाशिवाय डॉक्टर हात लावायला तयार नव्हते. सेनापतीने बिनदिक्कत सांगितलं की त्या शाखेचं इंटरनेट गेलंय, सगळे तिथलेच आळशी. बायकोने तिथल्या काउंटरवर चौकशी केली. काउंटरवाल्या मुलीने खरं ते सांगून टाकलं.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं, सुखरूप. सेनापतीकडून सर्व्हर काढून घेतले आणि त्याला सल्लागार करून कोपऱ्यातली खोली दिली. घरी त्याने बढती म्हणून पेढ्याचा पुडा नेला.

बायकोने तो उघडलाही नाही. "आईला आता दुसरी लॅब बघते," एवढंच ती म्हणाली.