मागच्या दारचा खिमा

पोत्यात असतं तोवर सोयाबीन आमच्या लातूरच्या घरात लक्ष्मी असतं. पातेल्यात पडलं की त्याचं जनावर होतं. हा चमत्कार मी लग्नानंतरची चार वर्षं दर रविवारी याचि डोळा पाहिला.

सासऱ्यांचं आडत दुकान आहे आणि रेणापूरला रान. रानात सोयाबीन, दुकानात सोयाबीन, दिवाणखान्यातल्या गप्पांतही सोयाबीनच. नव्या मालाचं पहिलं पोतं आलं की सासूबाई स्वतः त्याला हळदकुंकू लावतात. त्यांना मी आत्या म्हणते. घर लिंगायत, पक्कं शाकाहारी. अंड्याचं नाव काढलं तरी कोणीतरी खाकरतं. मी नांदेडची, शेतकरी मराठ्याची लेक. आमच्याकडे रविवार म्हणजे खिमा. कॉलेजात आम्ही दोघांनी लग्न ठरवलं तेव्हा मी आपण होऊन सांगितलं होतं, मटण सोडते. सोडलंही. आत्या आल्यागेल्याला अभिमानानं सांगत, "आमी कायबी जबरदस्ती केली न्हाई बरं का. पोरगीच गुणाची हाय."

पण गुणाच्या पोरीलाही जीभ असते. एका रविवारी माझा चेहरा बघून नवऱ्यानं सोयाबीनच्या चुऱ्याचं पाकीट आणलं. मी तो चुरा मिठाच्या पाण्यात उकळला, गार पाण्यातून दोनदा काढून घट्ट पिळला, म्हणजे त्याचा कच्चट वास जातो. कांदा लाल होईपर्यंत परतला, आलं-लसूण, भाजलेलं खोबरं, दगडफूल घातलेला आईचा काळा मसाला, मूठभर मटार. झाकण काढलं आणि मला नांदेडला गेल्यासारखं वाटलं. दुर्दैवानं वास आत्यांनाही आला.

त्या आल्या, पातेल्यात वाकून पाहिलं, पदर नाकाला लावला.

"आत्या, सोयाबीन आहे. आपलंच."

"आसंल. पण दिसतंय तसंच, वास बी तसाच. मंग नेम बी तसाच."

युक्तिवादाला तोड नव्हती. त्या दिवसापासून माझा खिमा मागच्या दारी गेला. अंगणात एक बर्नरची शेगडी आली, एक वेगळं जर्मनचं पातेलं आलं, वेगळा पळा आला. खायचंही तिथंच, सोयाबीनच्याच रिकाम्या पोत्याची घडी टाकून. आत यायचं तर दाराशी बादली ठेवलेली: हातपाय धुवायचे, चूळ भरायची, मग स्वयंपाकघर. सोमवारी नाही, श्रावणात नाही, घरात पाहुणे असले की नाही. नवरा माझ्या शेजारी उभा राहून दोन भाकरी चापायचा आणि तसाच आत जाऊन ताक मागायचा. त्याच्या पायांकडे कोणी बघत नसे. मी हे एकदा बोलून दाखवलं तर म्हणाला, "जाऊ दे ना, कशाला वाद?" वाद नको म्हणणाऱ्याचे पाय नेहमी कोरडे असतात.

मला मटण नको होतं. मला एवढंच हवं होतं, की माझं पातेलं आतल्या गॅसवर चढावं आणि माझं ताट सगळ्यांच्या ताटांशेजारी असावं. मी हे तोंडानं सांगितलं, पाकिटावरचा हिरवा ठिपका दाखवून सांगितलं. आत्यांचं उत्तर ठरलेलं: "आगं, लोक काय म्हनतील?"

गेल्या हिवाळ्यात माझे बाबा डोळे दाखवायला लातूरला आले. एरवी ते लेकीच्या घरी चहावर भागवून संध्याकाळच्या बसनं परत जायचे. या वेळी डॉक्टरनं दुपारनंतर पुन्हा बोलावलं म्हणून जेवायला थांबले. रविवारच होता. पाहुणे असताना खिमा नाही हा नेम मी त्या दिवशी विसरले, म्हणजे मुद्दाम विसरले. आत्यांनी आत शेंगापोळी आणि भरलं वांगं केलं होतं. व्याह्यांसमोर बोलता येईना म्हणून गप्प बसल्या.

बाबा हात धुवायला मागे आले आणि मला शेगडीपुढे बघून थबकले. नांदेडलाही आमच्या स्वयंपाकघरात देव आहेत, त्यामुळे मटण कायम मागच्या दारी, वेगळ्या पातेल्यात. बाबांनी अंगण पाहिलं, पातेलं पाहिलं, वास घेतला आणि काही न विचारता माझ्या शेजारी पोत्यावर बसले. "मी पोरीसंगंच जेवतो," म्हणाले. दोन भाकरी खाल्ल्या, बोटं चाटली. मला वाटलं, चव आवडली.

तेवढ्यात समोरच्या काकू विरजण मागायला वाटी घेऊन मागच्या दारानं आल्या. या काकूंच्या कानावर सकाळी पडलेलं दुपारी मार्केट यार्डात पोचतं. आत्या बाबांसाठी ताक घेऊन दारात आल्या. बाबा उठले आणि त्यांनी चक्क हात जोडले.

"इहीनबाई, लई मोठं मन तुमचं. आमच्यासाठी नेम मोडला. पोरीला घरात मटन करू दिलं. आमी हे इसरनार न्हाई."

काकूंची वाटी हवेतच राहिली. आत्यांनी ताकाचा पेला घाईघाईनं बाबांच्या हातात दिला.

"आवं न्हाई, न्हाई! मटन कुठलं! सोयाबीन हाय ते! आमच्या रानात पिकतंय तेच!"

चार वर्षं मी जे वाक्य सांगत होते ते आत्या आता गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगत होत्या. मला आधी हसू आलं.

बाबांनी ताटाकडे पाहिलं, मग पोत्याकडे, मग दाराशी ठेवलेल्या बादलीकडे. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"मटन न्हाई? मंग पोरगी बाहेर का करायली?"

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. बाबांना कळलं होतं, आणि त्यांना कळलं याची मला इतकी लाज वाटली की मी उगाच शेगडी पुसायला घेतली. लाज माझी नव्हती, तरी मलाच वाटली.

काकूंना मात्र त्या प्रश्नाशी देणंघेणं नव्हतं. "वास तर तसाच यायलाय, बाई," त्या म्हणाल्या.

झालं. आत्या तरातरा आल्या, माझ्या जागेवर पोत्यावर बसल्या, भाकरीचा तुकडा मोडला आणि काकूंच्या डोळ्यांत बघत खिमा खाल्ला. एक घास पुराव्यासाठी पुरेसा होता. त्यांनी दुसरा घेतला. तिसऱ्याला म्हणाल्या, "मीठ कमी हाय," आणि अर्धी भाकरी संपवली. काकू विरजण न घेताच गेल्या.

आत्या पदराला हात पुसत उठल्या आणि पातेलं उचलून निघाल्या. "आन गं झाकन. आतच ठिऊ आता."

मी त्यांच्या आधी दाराशी पोचले आणि बादलीतला तांब्या भरून पुढे धरला.

"आत्या, हातपाय. आणि चूळ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबा मान खाली घालून ताक पीत होते. आत्यांनी पातेलं उंबऱ्यावर टेकवलं, चपला काढल्या आणि पाय पुढे केले. मी पाणी ओतलं, सावकाश, चार वर्षांचं.